दुसरा भाग की दुसऱ्याचा भाग?

एखादी कादंबरी तुफान गाजावी. लेखकाने तिचा पुढचा भाग लिहावा. तो भाग परदेशातल्या वाचकांना झेपणार नाही, असं प्रकाशकाच्या तिकडच्या माणसांनी कळवावं. मग प्रकाशकाने काय करावं? आपल्याच छापखान्यात आधी छापलेलं, वेगळ्याच माणसांचं, वेगळ्याच गोष्टीचं एक पुस्तक उचलावं, त्यातल्या नायकाच्या जागी आपला नायक बसवावा, नायिकेच्या जागी आपली नायिका, मुखपृष्ठ बदलावं आणि "हा घ्या पुढचा भाग" म्हणून दुकानात मांडावं.

साहित्यात असं कुणी केलं असतं तर समीक्षकांनी त्याला सोलून काढलं असतं. व्हिडिओ गेमच्या दुनियेत मात्र हे खरोखर घडलं, १९८८ साली, आणि तेही त्या काळातल्या सगळ्यात गाजलेल्या खेळाच्या बाबतीत. खेळाचं नाव 'सुपर मारिओ ब्रदर्स'. त्याच्या त्या उसन्या दुसऱ्या भागाबद्दल आज लिहायचं आहे. तो 'खरा' दुसरा भाग नव्हेच, असं म्हणणारे अजूनही भेटतात. माझं मत वेगळं आहे. तो खेळ चांगला आहे, आणि तो चांगला का आहे हे नीट पाहिलं तर शिकण्या-शिकवण्याबद्दलही थोडं काही हाती लागतं. सगळी नोकरी मराठीचे तास घेण्यात गेली, त्यामुळे प्रत्येक गोष्टीत धडा शोधायची खोड काही जात नाही. चालवून घ्या.

आधी पहिल्या भागाची उजळणी करू. ज्यांच्या घरात १९९० नंतरच्या दहा-बारा वर्षांत शाळकरी लेकरं होती, त्यांना मारिओची ओळख करून द्यायला नको. लाल टोपीचा, भरघोस मिशांचा, बुटका नळजोडणीवाला. पडदा उजवीकडे सरकत जातो, हा धावतो, खड्ड्यांवरून उड्या मारतो, विटांना डोकं आपटून नाणी काढतो, कासवांच्या पाठीवर पाय देतो आणि शेवटी राजकन्येला सोडवतो. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने हा खेळ १३ सप्टेंबर १९८५ रोजी बाजारात आणला. कर्ता शिगेरू मियामोतो, त्याचा जोडीदार ताकाशी तेझुका, संगीत कोजी कोंडो यांचं. आठ जगं, प्रत्येकात चार टप्पे, म्हणजे एकूण बत्तीस. हा सगळा पसारा मावला होता अवघ्या ४० किलोबाइटमध्ये. आज आपण फोनवर सकाळी सकाळी जे फुलांचं 'सुप्रभात' पाठवतो ना, ते चित्रसुद्धा बहुतेक वेळा याहून जड असतं.

मास्तर म्हणून मला या खेळाचा पहिलाच पडदा फार आवडतो. तिथे एकही सूचना लिहिलेली नाही. समोरून एक तपकिरी प्राणी चालत येतो. काहीच केलं नाही तर तो धडकतो आणि तुम्ही मरता. पुन्हा सुरुवात. या वेळी उडी मारता, चुकून त्याच्या डोक्यावर पडता, तो चपटा होतो. शिकलात! वरच्या चौकोनावर डोकं आपटतं, त्यातून एक भूछत्र निघून घरंगळत तुमच्याकडे येतं. घाबरून पळायला जावं तर जागा अशी अडचणीची ठेवलेली की बहुधा ते तुम्हाला शिवतंच, आणि तुम्ही मोठे होता. हेही शिकलात. खडू-फळा न वापरता दिलेला हा पाठ आहे. पाठ्यपुस्तक करणाऱ्यांनी पाहावा असा.

आता आपल्या भागातली गोष्ट. परभणीत किंवा सेलू, जिंतूर, गंगाखेडला निन्टेन्डोचं अस्सल यंत्र कुणी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. आपल्याकडे आले ते 'मीडिया', 'लिटल मास्टर' असल्या नावांचे टीव्ही गेम. पुढे तर नाव नसलेलेही आले. त्यात पिवळ्या, लाल रंगाच्या कॅसेटी घालायच्या. कॅसेटवर चित्र एक, आत खेळ दुसराच. '९९९ इन १' असं लिहिलेल्या कॅसेटमध्ये मोजून काही खेळ असायचे आणि तेच नावं बदलून पुन्हा पुन्हा यायचे. ज्यांना यंत्र घेणं परवडत नव्हतं ती लेकरं तासावर पैसे देऊन दुकानात खेळायची. दिवाळीच्या सुट्टीत तिथे चपलांचा ढीग दिसायचा.

या एकात-अनेक कॅसेटींमध्ये पहिला मारिओ जवळजवळ हमखास असायचा, दुसरा मात्र क्वचित. त्याचं एक कारण साधं आहे. पहिला ४० किलोबाइटचा, कुठेही मावणारा. दुसरा, म्हणजे १९८८ चा, २५६ किलोबाइटचा, सहापटीहून मोठा. शिवाय त्याच्या कॅसेटमध्ये चित्रं आणि टप्पे अदलून-बदलून पुढे करणारी एक जादा चिप लागायची. स्वस्तातल्या कॅसेटवाल्याला ते परवडणारं नव्हतं. म्हणून आपल्या पिढ्यांनी पहिला मारिओ शेकडो वेळा खेळला आणि दुसरा कधीतरी, कुणाच्या तरी घरी, वेगळ्या कॅसेटवर पाहिला.

माझ्या बहिणीच्या घरी, सेलूला, अशी एक वेगळी कॅसेट होती. भाचा तेव्हा सहावी-सातवीत आणि भाची त्याच्याहून तीन वर्षांनी लहान. त्यांच्या गल्लीतल्या पोरांचा त्या खेळावर एकच शेरा असायचा: "हा डुप्लिकेट मारिओ आहे." कारण काय, तर यात शत्रूवर उडी मारली तरी काही होत नाही! शत्रूच्या डोक्यावर उभं राहिलं तर तो मरत नाही, तुम्हाला घेऊन चालायला लागतो. मारिओ जमिनीतून मुळे उपटतो. हा कसला मारिओ? गंमत बघा, यंत्र नकली, रिमोट नकली, कॅसेटही बहुधा नकली, आणि त्या सगळ्या नकलेत जो खेळ निन्टेन्डोने स्वतः केलेला होता त्यालाच पोरं डुप्लिकेट म्हणत होती. पण पोरांना आलेली शंका अगदीच निराधार नव्हती. त्यासाठी जपानात काय झालं ते सांगावं लागेल.

पहिला भाग इतका चालला की वर्षभराच्या आत, ३ जून १९८६ ला, जपानात 'सुपर मारिओ ब्रदर्स २' आला. हा खरा, वारसाहक्काने आलेला दुसरा भाग. त्याची जबाबदारी मुख्यतः तेझुकांकडे होती. दिसायला तो थेट पहिल्यासारखा. तेच आकाश, त्याच विटा, तीच कासवं. फरक एकच, पण जीवघेणा: तो भयंकर अवघड होता. वेष्टनावरच लिहिलेलं होतं की हा निष्णात खेळाडूंसाठी आहे. यात विषारी भूछत्र आलं. पहिल्या भागात जे घेतल्यावर आपण मोठे व्हायचो, तसंच दिसणारं, पण शिवलं की जीव घेणारं. मध्येच वारा सुटतो आणि उडी भलतीकडे नेतो. काही ठिकाणी चोरवाट सापडल्याचा आनंद होतो आणि ती वाट तुम्हाला पुढच्या जगात नेण्याऐवजी मागच्या जगात नेऊन टाकते! म्हणजे पहिल्या भागाने जे जे शिकवलं, ते ते हा भाग उलटं करून तुमच्यावर रोखतो.

अशा प्रश्नपत्रिका मी पाहिल्या आहेत. पेपर काढणारा असा एक प्रकार असतो की त्याच्या डोळ्यांसमोर वर्गातला फक्त पहिला नंबर असतो. त्याला कसं अडकवता येईल, एवढाच विचार. बाकीची चाळीस लेकरं पहिल्या प्रश्नालाच पेन खाली ठेवतात, आणि हा खुशीत, की पेपर कसा कडक काढला! जपानी दुसरा भाग अगदीच तसा दुष्ट आहे असं मी म्हणणार नाही. ज्यांनी पहिला भाग तोंडपाठ केला होता त्यांच्यासाठी तो मुद्दाम केलेला होता, जपानात त्यांची संख्या मोठी होती, आणि तिथे तो चांगला खपलाही. लुईजीला मारिओपेक्षा वेगळं वळण पहिल्यांदा त्यानेच दिलं, उंच उडी आणि घसरणारे पाय. पण तो पहिल्या भागाची वरची इयत्ता होता का? मला वाटतं, तो त्याच इयत्तेची जास्त कडक परीक्षा होता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

तिकडे अमेरिकेत निन्टेन्डोला जपून पावलं टाकायची होती. १९८३ मध्ये तिथला व्हिडिओ गेमचा बाजार साफ कोसळला होता. दुकानदार त्या नावालाच बिचकत. निन्टेन्डोने १९८५ च्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये यंत्र विकायला सुरुवात करून हळूहळू विश्वास परत मिळवला होता. अशा वेळी जपानहून हा दुसरा भाग आला. अमेरिकेतल्या कचेरीत नवे खेळ तपासून मत देण्याचं काम हॉवर्ड फिलिप्स यांच्याकडे होतं. त्यांनी खेळून पाहिला आणि त्यांना तो आनंद देण्याऐवजी वैताग देणारा, अन्यायाचा वाटला. अमेरिकेत तो पाठवू नये असं ठरलं. पण दुसरा भाग तर हवाच होता.

आता आणखी एक धागा. १९८७ च्या उन्हाळ्यात जपानच्या फुजी टेलिव्हिजनने 'युमे कोजो' नावाचा मोठा उत्सव भरवला होता. युमे कोजो म्हणजे स्वप्नांचा कारखाना. त्या उत्सवासाठी अरबी पोशाखातलं एक कुटुंब बोधचिन्ह म्हणून ठरवलं होतं. त्या कुटुंबाला घेऊन निन्टेन्डोने एक खेळ केला, 'युमे कोजो: डोकी डोकी पॅनिक'. तो १० जुलै १९८७ ला आला. गोष्ट अशी की एका कथापुस्तकातला दुष्ट राजा लहान लेकरांना पुस्तकात ओढून नेतो आणि मुलगा, त्याची मैत्रीण, आई आणि बाबा असे चौघे त्यांना सोडवायला पुस्तकात शिरतात. दिग्दर्शक होता केन्सुके तानाबे, देखरेख मियामोतोची, आणि संगीत पुन्हा कोंडोंचंच. तानाबे यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं की या सगळ्याची सुरुवात एका प्रयोगातून झाली होती. दोघांनी मिळून वर वर चढायचं, ठोकळे रचायचे, एकमेकांना उचलून वर फेकायचं. एकट्याने खेळताना त्यात मजा येईना. मियामोतोने सुचवलं की आडवं चालणंही त्यात आणा, मारिओसारखं. तिथून तो खेळ आकाराला आला.

मग याच खेळातलं अरबी कुटुंब काढून तिथे मारिओची माणसं बसवली गेली. मुलाच्या जागी मारिओ, आईच्या जागी लुईजी, बाबांच्या जागी टोड, मैत्रिणीच्या जागी राजकन्या. जादूच्या दिव्याची जादूच्या औषधाची बाटली झाली. पळायची सोय आली, गवताला, भाज्यांना हालचाल आली, मार लागला की माणूस आकाराने लहान होऊ लागला, एका जागी तर लढायला नवा खेकडा आला. ऑक्टोबर १९८८ मध्ये हा खेळ अमेरिकेत 'सुपर मारिओ ब्रदर्स २' म्हणून दाखल झाला. योगायोग असा की त्याच महिन्यात जपानात तिसरा भाग विक्रीला आला होता! एकीकडे उसना दुसरा, दुसरीकडे पुढे निघून गेलेला तिसरा.

मूळ खेळ तबकडीवर होता आणि कुठवर आलात ते तिच्यावर जपून ठेवता येई. पण खरा शेवट बघायचा तर चारही माणसांना घेऊन चार वेळा सगळे टप्पे पार करावे लागत. कॅसेटवर आणताना ही जपून ठेवायची सोय गेली. त्याबरोबर चार वेळा खेळायची सक्तीही गेली. आता एकदाच खेळा, पण प्रत्येक टप्प्याच्या सुरुवातीला चौघांतला कुणीही निवडा. सोय गेली म्हणून नियम सैल करावा लागला, आणि नियम सैल झाला म्हणून खेळ खुलला. गरिबीतून असं काही निघतं कधीकधी.

हा खेळ पुन्हा सलग बघायला मिळाला तो आता, नातवाच्या स्विच यंत्रावर. २०१९ पासून निन्टेन्डोच्या जुन्या खेळांच्या संग्रहात तो आहे. खेळणारा तो, बाजूला बसून फुकटचे सल्ले देणारा मी. पण दोन-तीन टप्पे मी स्वतःही पार केले, हे नोंदवून ठेवतो.

यातली पहिली खुबी माणसांची. मारिओ सगळ्यात मध्यम, कशातच कमी नाही नि कशातच पहिला नाही. लुईजी सगळ्यात उंच उडतो. टोड, तो बुटका, उडीत कच्चा, पण ओझं उचलण्यात आणि वाळू उपसण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. वाळवंटातल्या टप्प्यावर वाळू खणत खाली जायचं असतं. तिथे टोडला घ्या आणि मग राजकन्येला घेऊन तेच करून बघा, फरक कळेल. राजकन्या उपटायला-उचलायला सावकाश, पण उडी मारल्यावर थोडा वेळ हवेत तरंगत राहते. ज्यांच्या उड्या नेहमी दोन बोटं कमी पडतात, त्यांच्यासाठी तीच आधार. अवघड टप्पा सोपा करायचा असेल तर 'सोपा' असं बटण दाबायचं नाही. माणूस बदलायचा, म्हणजे टप्पा बदलतो. एका वर्गात चार प्रकारची लेकरं असतात आणि चौघांना एकाच वाटेने चालवायचं नसतं, हे बी.एड.च्या पुस्तकात वाचलेलं सूत्र इथे बोटांना कळतं.

शेवटी प्रत्येकाला घेऊन किती टप्पे पार केले त्याचा आकडा पडद्यावर येतो. कुणी किती हातभार लावला याची नोंद. 'नापास' हा रकाना नाही.

दुसरी खुबी मला भाचीमुळे दिसली. पहिल्या मारिओत दोघांनी खेळायचं म्हणजे आधी मारिओ, तो मेला की लुईजी. भाऊ हुशार, तो लवकर मरायचाच नाही. ही हातात रिमोट घेऊन बसून राहायची. पाळी आली तरी लुईजी म्हणजे तोच मारिओ, फक्त कपडे वेगळे. आणि राजकन्या? ती शेवटच्या किल्ल्यात कोंडलेली, सोडवून घेण्यापुरती. दुसऱ्या भागात तीच राजकन्या पहिल्यांदा स्वतः मैदानात उतरली. तिला निवडता येतं, ती शत्रूला उचलून फेकते, खंदक तरंगत पार करते. या खेळात एका वेळी एकालाच खेळता येतं, पण टप्प्याटप्प्याने पाळ्या बदलता येत. भाची राजकन्या घ्यायची. भाऊ जिथे वारंवार पडायचा तो खड्डा तिने तरंगून पार केला तेव्हा तो म्हणाला, "हे चिटिंग आहे." मी म्हणालो, "खेळानेच दिलंय बाबा, चिटिंग कसं?" तेवढ्यात लाईट गेली. सगळं पुन्हा पहिल्यापासून. आपल्याकडच्या खेळाडूंना आणखी एक शत्रू कायम होता, वीज मंडळाचा.

तिसरी खुबी उपटण्याची. यात जमिनीवर गवताचे तुरे दिसतात. त्यावर उभं राहून बटण दाबलं की मारिओ वाकतो, जोर लावतो आणि मुळ्यासारखी, सलगमसारखी भाजी उपटून डोक्यावर धरतो. ती शत्रूवर फेकायची. कधी भाजीऐवजी बॉम्ब निघतो, कधी कासवाची पाठ, कधी औषधाची बाटली. बाटली फोडली की तिथे एक दार उभं राहतं. दारातून आत गेलं की तेच ठिकाण, पण काळोखं आणि उजवं-डावं उलटलेलं. थोडा वेळच राहता येतं. तिथे उपटलं तर नाणी निघतात, आणि जागा नेमकी हेरली तर आयुष्य वाढवणारं भूछत्र. बाटली कुठे नेऊन फोडायची हा विचार करायला लावणारा डाव आहे. भुईमूग उपटताना मुळाशी किती शेंगा लागल्यात याची जी उत्सुकता असते, ती आपल्या भागातल्या माणसाला वेगळी सांगायला नको. पहिल्या मारिओत आपण वरच्या विटांकडे बघत असतो. हा दुसरा खाली जमिनीकडे बघायला लावतो.

आणि शत्रूसुद्धा उपयोगी पडतो, ही चौथी. एक गुलाबी प्राणी तोंडातून अंडी फेकतो. त्या अंड्यावर उडी मारून उभं राहायचं, तेच उचलायचं आणि त्याच्यावरच उलट फेकायचं. उडत्या सतरंजीवरून येणाऱ्याला उचलून बाजूला फेकायचं, सतरंजी आपली. किल्ली उचलली की भिंतीवरचा निर्जीव वाटणारा मुखवटा जागा होऊन पाठलाग करतो. किल्ली टाकून दिली की तो मागे फिरतो. अखेरचा राजा तर बेडकासारखा जाडा, आणि त्याला भाज्या आवडत नाहीत! त्याने तोंड उघडलं की आत भाजी फेकायची. असं सहा वेळा केलं की तो आटोपतो. ताटातली भाजी बाजूला सारणाऱ्या लेकरांसमोर हा खलनायक ठेवला पाहिजे.

दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर ही जाहिरात होईल. अंडी फेकणारा तो गुलाबी प्राणी टप्प्यांच्या शेवटी पुन्हा पुन्हा येतो आणि त्याला हरवणं लवकरच पाठ होतं. पहिल्या मारिओतला धावण्याचा झपाटा इथे नाही. उपटा, उचला, फेका, यात चाल मंदावते. सात जगं आणि वीस टप्पे, म्हणजे आकाराने पहिल्यापेक्षा लहानच. आणि शेवटी कळतं काय, तर हे सगळं मारिओला पडलेलं स्वप्न होतं. परीक्षेत निबंध संपत नसला की पोरं "आणि मला जाग आली" असं लिहून मोकळी होतात, त्याला मी अर्धा गुण कापायचो. इथेही कापला असता. फक्त या खेळाचं मूळ नावच 'स्वप्नांचा कारखाना' होतं, हे समजल्यावर तो अर्धा गुण परत द्यावासा वाटतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. नावं बदलून आणलेला खेळ हा खरा दुसरा भाग मानायचा का?

मराठी माणसाने या प्रश्नाला दचकायचं कारण नाही. आपली रंगभूमी अशा नावं बदललेल्या घरांतच वाढली आहे. आगरकरांनी 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं १८८३ मध्ये. देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला १८९० मध्ये. पुलंनी शॉच्या 'पिग्मॅलियन'मधल्या लंडनच्या फुलवालीला मंजुळा केलं, १९७५ मध्ये 'ती फुलराणी' रंगमंचावर आली आणि भक्ती बर्वेंनी ती अशी उभी केली की मूळ कुठलं हे विचारायचं भान कुणाला राहिलं नाही. ही रूपांतरं जगली ती मूळ झाकलं म्हणून नव्हे. आगरकर, देवल, पुलं यांनी मूळ कुठलं ते लपवलं नव्हतं. नव्या नावाच्या माणसाला नवा स्वभाव, नवी भाषा मिळाली म्हणून ती जगली. नुसती नावं बदलून थांबलेली कितीतरी रूपांतरं कुठे गेली ते कुणालाच माहीत नाही.

मारिओचंही तसंच झालं. लुईजीची हवेत पाय मारत घेतलेली उंच उडी आणि राजकन्येचं तरंगणं या गोष्टी पुढच्या अनेक खेळांत त्यांच्या कायमच्या ओळखी झाल्या. मुखवटा घातलेला लाजरा शायगाय, अंडी फेकणारा बर्डो, चालता बॉम्ब बॉबॉम, ही मंडळी या उसन्या घरातून आली आणि मारिओच्या गावची रहिवासी झाली. उसन्या घरातही मारिओचं थोडं सामान आधीपासून होतंच. चमकता तारा, धक्क्याने सगळ्यांना उलथवणारा ठोकळा, हे 'डोकी डोकी पॅनिक'मध्ये मूळचेच होते. एका घराण्यातून दुसऱ्या घराण्यात दत्तक गेलेलं मूल, पण दोन्ही घराणी एकाच गावची.

दत्तक मुलाचा मान शेवटी जन्मघरानेही मान्य केला. १४ सप्टेंबर १९९२ ला हा खेळ 'सुपर मारिओ यूएसए' या नावाने जपानात विक्रीला आला. जिथून नावं बदलून गेला, तिथेच नव्या नावांनिशी परत. सत्तर लाखांहून जास्त प्रती खपल्या. २००१ मध्ये निन्टेन्डोने हातात धरायचं नवं यंत्र काढलं, तेव्हा त्यासाठी पहिला मारिओ म्हणून सजवून आणला तो हाच. आणि तो अवघड जपानी दुसरा भाग? तो १९९३ मध्ये 'सुपर मारिओ ऑल-स्टार्स' या संग्रहातून अमेरिकेत पोचला, 'द लॉस्ट लेव्हल्स' म्हणजे 'हरवलेले टप्पे' या नावाने. वारसाहक्काचा मुलगा हरवलेला ठरला आणि दत्तक घर सांभाळत राहिला.

म्हणून मला वाटतं, पुढचा भाग खरा की खोटा हे त्याच्या जन्मदाखल्यावरून ठरवू नये. त्याने मागच्या भागावर काय चढवलं ते पाहावं. जपानी दुसऱ्या भागाने खेळाडूला विचारलं, तुला पहिला भाग किती येतो? अमेरिकी दुसऱ्या भागाने विचारलं, तुला आणखी काय करून बघायला आवडेल? दोन्ही प्रश्न विचारावे लागतात. पहिला प्रश्न विचारायला परीक्षा मंडळं आहेत. दुसरा विचारणारे कमी असतात, म्हणून त्यांना थोडा जास्त मान द्यावा.

कुणाला आता खेळून बघायची इच्छा झाली, तर एकच सल्ला. पहिल्या टप्प्याला मारिओ घेऊ नका, तो सवयीचा आहे. राजकन्या घ्या. वाळवंट आलं की टोड. उंच चढण आली की लुईजी. आणि अगदी शेवटच्या राजासमोर भाजी हातात धरून उभे राहिलात की घाई करू नका. त्याने तोंड उघडेपर्यंत थांबा.